इंदूचा गोपा

गोपा पडला की पेढे वाटायचे, अशी कऱ्हाडच्या त्या बालरक्षा केंद्रात पद्धतच पडून गेली होती. नवख्या माणसाला ऐकून कसंतरीच व्हायचं. आजारपणाचे कसले पेढे, असं कुणी विचारलं की तिथल्या आया हसायच्या. "आमच्या पोराच्या आधी तो पडला ना, त्याचे," म्हणायच्या, आणि विचारणाऱ्याच्या हातावर पेढा ठेवून मोकळ्या व्हायच्या.

हा गोपा म्हणजे बारशातला नव्हे, पण नाव मात्र तिथूनच आलं. बारशाला वरवंट्याला कुंची घालतात, काजळ-तीट लावतात, पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात आणि बाळाच्या आधी त्यालाच पाळण्यात निजवतात. कुणी म्हणतं, बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. कुणी म्हणतं, इडापिडा आधी त्याच्यावर जावी म्हणून. केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी बाळाच्या पेशी वाढवलेल्या आपल्या चकतीला चांगलं लांबलचक इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण ते आयांच्या तोंडात काही बसेना. पहिल्याच वर्षी कुणीतरी तिला गोपा म्हटलं आणि मग डॉक्टरसुद्धा तेच म्हणायला लागले.

केतकी पिसाळ पहिल्यांदा तिथं गेली तेव्हा तिची इंदू जेमतेम डोळे उघडून बघायला लागली होती. केतकीचं आणि तिचा नवरा सुयोग याचं बाजारपेठेत चष्म्याचं दुकान. सुयोग दुसरीत असल्यापासून इन्शुलिनवर. शाळेच्या सहलीत त्याला एकट्याला बसमध्ये बसवून ठेवल्याची गोष्ट तो हसत हसत सांगायचा, पण इंदूच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला त्या दिवशी तो काही हसला नाही.

डॉ. तस्नीम मुजावर यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. "हा गोड खाऊन होणारा मधुमेह नव्हे. स्वादुपिंडात इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचे बारीक बारीक दाणे असतात. शरीराची राखण करणारं जे सैन्य आहे, तेच कधीतरी या दाण्यांना परकं समजतं आणि कापत सुटतं. सैन्य असं चुकेल की नाही, हे बरंचसं सहाव्या गुणसूत्रावरच्या दोन-तीन जनुकांवर असतं. बाकी थोडं थोडं इतर कितीतरी ठिकाणी. इंदूकडं त्यातली वाईट जोडी आलीय. एक बाजू बाबांकडून, एक तुमच्याकडून."

"माझ्याकडून?" केतकी दचकली. "अहो, आमच्या माहेरी कुणालाच नाही."

"तुमच्याकडं अर्धीच आहे. अर्धीनं सहसा काही होत नाही."

"मग हिला होणारच का?" सुयोगनं विचारलं.

"तेच तर सांगता येत नाही. अशी जोडी असलेली बहुतेक मुलं ठणठणीत राहतात. थोड्यांना होतं. कुणाला, कधी, कशाच्या निमित्तानं, ते जनुकं सांगत नाहीत. एखादा साधा ताप येतो आणि सैन्य बिथरतं. ते सांगायला गोपा."

नाळेच्या रक्तातून बाळाच्याच पेशी घेऊन रुपयाएवढ्या चकतीवर ते दाणे वाढवायचे. त्यांच्या शेजारी त्याच बाळाचं सैन्य वाढवायचं, आणि तेही दाट, म्हणजे शरीराला जे करायला महिने लागतील ते चकतीवर थोड्याच दिवसांत घडेल. दर आठवड्याला घरून बाळाच्या लाळेचा बोळा पाठवायचा. बाळाला जे जंतू भेटतात तेच गोपाला भेटवायचे. गोपाचं सैन्य उठलं, म्हणजे गोपा पडला, की बाळाला लगेच शमनाचं औषध द्यायचं. बाळाचं स्वतःचं सैन्य उठायच्या आत दिलं तर ते लागू पडतं, नंतर दिलं तर पाणी. गोपा करता येतो एकदाच, नाळेचं रक्त संपलं की संपलं. आणि पडलेला गोपासुद्धा टाकून देत नाहीत. त्यातले काही दाणे तग धरून असतात. पुढं मुलाला गरज लागली तर तेच वेचून, वाढवून त्याला परत देता येतात. दुसऱ्याचे दाणे शरीर ठेवून घेत नाही, आपलेच लागतात.

चकत्यांची खोली आतल्या अंगाला होती. दाण्यांनी इन्शुलिन सोडलं की चकतीखाली हिरवट उजेड उमलायचा आणि मग हळूहळू ओसरायचा. जिवंत दाणे असेच लयीत काम करतात, थोडं सोडतात, थांबतात, पुन्हा सोडतात. फळ्यांवर फळ्या, आणि प्रत्येक चकतीचा उजेड आपापल्या सुरात वरखाली होतोय. खोलीत पाऊल टाकलं की वाटायचं, इथं खूप जण झोपलेत आणि आपण उगाच चपला वाजवल्या. बायका तिथं कुजबुजून बोलायच्या. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

घोळ झाला तो बारशाच्या दिवशी.

केंद्रातच दोन बारशी एकदम होती, केतकीच्या इंदूचं आणि प्रणोती कणसेच्या अबीरचं. प्रणोतीचं केतकीच्या गल्लीतच पाळणाघर, आणि दोघी एकाच आठवड्यात बाळंत झालेल्या. केतकीच्या सासूबाई रंजनाबाई हौशी. वरवंटा बघून त्यांनी नाक मुरडलं. "खरा गोपा असताना दगड कशाला गं बायांनो? आणा की त्यालाच!" डॉक्टर मुंबईला गेलेल्या, आणि रंजनाबाईंपुढं कुणाचं चालतंय! उबेच्या डबीत बसवलेल्या दोन चकत्या बाहेर आल्या. डबीवर नंबर लिहिलेलं प्लास्टिकचं वेष्टन होतं. रंजनाबाईंनी ते ओढून काढलं. "तान्ह्याला असलं घालतात होय?" म्हणाल्या, आणि दोन्ही डब्यांना पिवळ्या कुंच्या चढवल्या.

मग काय विचारता! डब्या पाळण्याखालून गेल्या, पाळण्यावरून आल्या, या मावशीकडून त्या आत्याकडं. गाणी झाली, हसणं-खिदळणं झालं. घुगऱ्या वाटल्या. शेवटी वेष्टनं पुन्हा चढवली, पण ती उलटीसुलट. इंदूचा नंबर अबीरच्या गोपावर आणि अबीरचा इंदूच्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही. रंजनाबाई घरी जाताना म्हणाल्या, असं बारसं साऱ्या तालुक्यात झालं नसेल. तेवढं मात्र खरं होतं.

त्यानंतरची तीन वर्षं बरी गेली. इंदू दिवसभर प्रणोतीच्या पाळणाघरात असायची. अबीर आणि ती एका ताटात जेवायची, एकमेकांच्या बाटलीतलं पाणी प्यायची, एकमेकांची सर्दी घ्यायची. गुरुवारी दोन्ही आया बोळे घेऊन केंद्रात जायच्या आणि चकत्यांपुढं उभ्या राहायच्या. "शांत आहे," असं उत्तर मिळायचं. प्रणोती म्हणायची, "माझा बघ कसा संथ चालतो. तुझा जरा धांदरट आहे बाई." केतकी रागवायची. चकतीवरून कसलं रागवायचं, पण रागवायची खरी.

एका श्रावणात दोन्ही पोरांना ताप आला. तोंडात फोड, तळहातांवर पुरळ. चार दिवसांत उतरलाही. पुढच्याच आठवड्यात केतकीला केंद्रातून फोन आला. "पिसाळताई, तुमचा गोपा पडला."

केतकी दुकानातच मटकन खाली बसली आणि मग हसायला लागली. सुयोग गिऱ्हाईकासमोर रडला. इंदूला त्याच दिवशी शमन सुरू केलं. आठवडाभर तिला अंगदुखी झाली, थोडे केस गळले, पण निभावलं. रंजनाबाईंनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. प्रणोतीनं पेढा तोंडात टाकला, केतकीच्या गळ्यात पडली आणि विचारलं, "आणि आमचा?"

"शांत," केतकी म्हणाली. "आजच विचारलं मी."

आश्विनात अबीर पाणी पाणी करायला लागला. ग्लासवर ग्लास. अंथरूण ओलं व्हायचं. अंगातले कपडे ढगळ दिसायला लागले. प्रणोतीला वाटलं, वाढतंय पोर, उंच होतंय. गोपा शांत म्हटल्यावर शंका तरी का यावी? एक दिवस तो पाळणाघरातच खेळता खेळता आडवा झाला. श्वासाला पिकल्या फळासारखा वास, हाक मारली तरी डोळे उघडेना. दवाखान्यातून घरी आला तेव्हा त्याच्या पोटावर इन्शुलिनचा पंप होता.

केंद्रानं दिलगिरी सांगितली. क्वचित असं होतं म्हणाले, गोपा खोटा निघतो, तो बंद करावा लागेल. प्रणोती चकतीपुढं जाऊन उभी राहिली. उजेड संथपणे उमलत होता, ओसरत होता. "मजेत आहे बघ," ती केतकीला म्हणाली. "माझं पोर मरता मरता वाचलं आणि हा इथं मजेत आहे." केतकीनं तिचा हात धरला. तिला मनापासून वाईट वाटत होतं, आणि आपली इंदू वाचली याचं बरंही वाटत होतं. त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटली.

पुढच्या गुरुवारी केतकी एकटीच गेली. प्रणोतीनं बोळा आणणं सोडलंच होतं. खोलीत पुण्याहून बदलून आलेल्या शिंदे मॅडम पेशींतली गुणसूत्रं दाखवणाऱ्या नव्या यंत्रावर बसल्या होत्या. केतकीच्या गोपाची चकती त्यांच्यापुढं होती. उजेड अगदी मंद, कसाबसा.

"सावरलेला नाही फारसा," शिंदे मॅडम पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "काही दाणे आहेत अजून जिवंत. पंधरवडाभराचे सोबती. तुमच्याकडं गरज नाही म्हणून ठीक, नाहीतर आत्ताच वेचून ठेवले असते." मग त्यांनी सहज विचारलं, "मुलगा ना तुमचा?"

"हो," केतकी म्हणाली.

तिचं तिलाच कळलं नाही का म्हणाली ते. पडद्यावर काय दिसतंय हे तिला समजायच्या आत तोंडातून गेलं होतं. शिंदे मॅडमनी मान हलवली आणि पुढची चकती घेतली. केतकी बाहेर येऊन पायरीवर बसली. बारसं, पिवळ्या कुंच्या, सासूबाईंच्या हातातली वेष्टनं, सगळं एकापाठोपाठ एक समोर आलं. पडला तो अबीरचा गोपा होता. त्यानं वेळेवर सांगितलं होतं. आपण ते ऐकलं आणि औषध इंदूला दिलं.

घरी तिनं सुयोगला सांगितलं. तो म्हणाला, "आत्ता जाऊन सांग तिला."

"काय सांगू? तुझ्या पोराचं औषध माझ्या पोरीनं घेतलं म्हणून सांगू?"

"तेच सांग. नाहीतर मी सांगतो."

"सुयोग, प्लीज. ती वेडी होईल रे. तिला आत्ता कुठं जरा सावरल्यासारखं..."

"आणि ते दाणे? अबीरचे आहेत ना ते? पंधरवडा म्हणाल्या ना त्या?"

"दिवाळी होऊ दे. चार दिवसांवर आलीय. तेवढी तरी तिला सुखानं करू दे."

स्वयंपाकघराच्या दारात रंजनाबाई उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. "माझ्या हातानं झालं हे," म्हणाल्या आणि तिथंच भिंतीला टेकल्या.

"आई, तुम्ही कुठं बोलू नका," केतकी म्हणाली. इतक्या वर्षांत सासूला ती अशी कधी बोलली नव्हती. रंजनाबाईंनी नुसती मान हलवली. सुयोग उठून दुकानात गेला. त्या दिवसापासून तो केतकीशी बोलायचा, पण इंदूच्या निमित्तानंच.

खोटं कशाला बोला, केतकीच्या मनात आणखीही एक होतं. दिवाळीनंतर 'खोटा गोपा' बंद होणार होता, आणि तो तर इंदूचा! इंदूचा खरा राखणदार तोच होता, आणि दुसरा करता येणार नव्हता. तो गेला तर पोर उघडी पडली. तेव्हा तिनं भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पाळणाघर गाठलं. प्रणोती अबीरसाठी पोळीचा तुकडा वजनकाट्यावर ठेवत होती.

"तुझा गोपा बंद करू नकोस," केतकी म्हणाली. "मला दे. मी सांभाळीन. इंदूच्याच शेजारी राहील."

प्रणोतीनं वर बघितलं. "का गं?"

"जीव आहे गं त्यात. मला बघवत नाही."

"आणखी काही?"

"आणखी काय असणार?"

प्रणोती बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. सुट्टी संपली की जाऊ."

केतकीला इतकं हलकं वाटलं की ती घरी येऊन करंज्या तळत बसली. दोन्ही कामं होणार होती. इंदूचा गोपा इंदूकडं येणार होता, आणि प्रणोतीला काही कळणारही नव्हतं. अबीरच्या दाण्यांचं मात्र तिनं डोक्यात येऊच दिलं नाही. आलं की ती उठून दुसरं काम काढायची.

सुट्टी संपली. केंद्रात चकत्यांच्या खोलीत त्या समोरासमोर उभ्या राहिल्या, प्रणोतीच्या कडेवर अबीर. त्याच्या शर्टाखाली पंपाचा फुगवटा दिसत होता. शिंदे मॅडमनी शांत गोपाची डबी काढून प्रणोतीच्या हातात दिली. प्रणोतीनं ती दोन्ही हातांनी धरली. उजेड तिच्या बोटांवर उमलला आणि मावळला.

"तुला मला काही सांगायचंय का?" तिनं विचारलं.

"नाही गं."

"नक्की?"

"नक्की."

प्रणोतीनं डबी तिच्या हातात ठेवली. "नीट सांभाळ. मुलगी आहे ती."

केतकीनं डबी घट्ट धरली.

"शिंदे मॅडमनी दिवाळीआधी फोन केला होता," प्रणोती म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "बंद करायच्या आधी तपासला त्यांनी. मुलगी ना तुमची, म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, यंत्र बघा तुमचं. सुट्टीनंतर बघते म्हणाल्या. मग रात्रभर विचार करत बसले. माझ्याकडं मुलगी, म्हणजे मुलगा कुणाकडं? तुझ्याकडं आले असते त्याच दिवशी. पण वाटलं, तुलाही कळलं असेल, तू येशील. तू आलीसही. आता सांगेल, आता सांगेल, करत मी बघत राहिले, आणि तू जीव आहे त्यात म्हणालीस!"

"प्रणोती, मी सांगणार होते गं. दिवाळी झाली की..."

"झाली दिवाळी. आता माझा मला दे."

शिंदे मॅडम एकीकडून दुसरीकडं बघत होत्या. "म्हणजे पडलेला गोपा यांच्या मुलाचा? अहो, पण मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"हो म्हणाले," केतकी म्हणाली. "खोटं बोलले मी. यांचाच आहे. त्याच्यातले दाणे वेचा, आत्ता वेचा, अबीरला लागतील."

शिंदे मॅडम धावतच फळीकडं गेल्या. केतकीच्या नंबरची डबी काढली, यंत्राखाली धरली, पडदा पुढं ओढला. मग खिडकीचा पडदा लावून खोलीत आणखी अंधार केला आणि पुन्हा बघितलं. चकती काळी होती. त्या थांबल्या, की उजेड येईल. लय असते ना, मधे थांबतात दाणे. सगळ्याच थांबल्या. आजूबाजूच्या फळ्यांवरचे उजेड वर आले, खाली गेले, पुन्हा वर आले.

"गेले," शिंदे मॅडम म्हणाल्या. "दिवाळीत केव्हातरी. तुमच्यापैकी एकीनं जरी सांगितलं असतं ना..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पण प्रणोतीनं ते ऐकलं. एकीनं जरी. तिनं केतकीकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच तिच्या नजरेत राग नव्हता, भीती होती. वाट बघण्यात तिचेही तेच दिवस गेले होते.

अबीरनं कडेवरून वाकून काळ्या चकतीवर बोट ठेवलं. "आई, हा झोपला?"

केतकीच्या हातातल्या डबीत इंदूचा गोपा संथपणे उजळत होता, विझत होता, आणि अबीर आता त्याच्याकडं बघायला लागला होता.